नागाचें देणें

मराठींत ‘देणें’ हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. गवयाच्या गळ्याला लोक देवाचें देणें म्हणतात. आणि सावकाराच्या वहींत ऋणकोच्या नांवावर जी रक्कम उरलेली असते तिलाहि देणेंच म्हणतात. एकांत लाभ आहे, दुसऱ्यांत फेड आहे. हे दोन परस्परविरुद्ध अर्थ एकाच शब्दांत कां नांदावेत, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु नाग, महासर्प आणि ड्रॅगन यांनीं मर्त्य माणसांना दिलेल्या अद्भुत वस्तूंच्या कथा एकापुढें एक मांडून पाहिल्या म्हणजे या प्रश्नाचें उत्तर आपोआप मिळूं लागतें. या कथांची परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा सर्वांत अलीकडचा अध्याय कोणत्याहि पुराणांत नव्हे, तर एका खेळाच्या नियमांत लिहिला गेला आहे.

तो खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) आणि डेव्ह आर्नेसन (१९४७–२००९) या दोन अमेरिकन गृहस्थांनीं तो रचला आणि १९७४ च्या जानेवारींत विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा या गांवीं तो प्रसिद्ध झाला. एका साध्या पेटींत तीन लहान पुस्तिका, आणि पहिली आवृत्ति अवघ्या एक हजार प्रतींची, असा त्याचा आरंभ होता. या खेळाला सोंगट्यांचा पट लागतोच असें नाहीं. चारपांच जण मेजाभोवतीं बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी पुरोहित. आणि एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंगाचें वर्णन करतो, खेळाडू आपापलें पात्र काय करतें तें सांगतात, आणि जेथें यशापयशाची शंका असेल तेथें वीस पैलूंच्या फांशानें निकाल लागतो. नाटक मंडळीच्या संचासारखाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें संहिता आधीं लिहिलेली नसते. एकेक कथा महिनेच्या महिने, कधीं वर्षानुवर्षें चालते.

या मूळ पुस्तिकांत ड्रॅगनच्या सहा जाती दिल्या होत्या: पांढरा, काळा, हिरवा, निळा, तांबडा आणि सोनेरी. त्या नियमांप्रमाणें ड्रॅगनशीं करावयाचे व्यवहार मुख्यतः दोन. त्याला ठार मारून त्याच्या गुहेंतील साठा लुटावा, किंवा त्याला जिवें न मारतां नुसतें झोडपून नमवावें आणि मग बाजारांत विकावें. विक्रीची किंमत त्याच्या प्राणबळाच्या प्रमाणांत ठरे. याहून मार्मिक नियम दुसराच होता. पात्राची योग्यता ज्या ‘अनुभवाच्या गुणां’नीं वाढे, ते गुण मुख्यतः हस्तगत केलेल्या धनावरून मोजले जात; सामान्यतः सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. म्हणजे ज्यानें अधिक लुटलें तो अधिक शहाणा, असा हा हिशेब. अशा हिशेबांत ड्रॅगन म्हणजे कुलूप घातलेली तिजोरी होती, आणि तिजोरी कोणाला कांहीं देत नसते.

हा हिशेब गायगॅक्स आणि आर्नेसन यांनीं मनानें रचला नव्हता. त्याच्यामागें उत्तर युरोपची जुनी परंपरा उभी होती. ‘ब्योवुल्फ’ हें प्राचीन इंग्रजी काव्य ३,१८२ ओळींचें असून त्याचें एकमेव हस्तलिखित सुमारें इ. स. १००० च्या काळांतील आहे. त्याच्या उत्तरार्धांत एक ड्रॅगन तीनशें वर्षें एका थडग्यांतील धनावर बसून असतो. त्याला त्या धनाचा कांहींएक उपयोग नाहीं. तो फक्त राखतो. एके दिवशीं एक पळालेला दास तेथून एक प्याला उचलतो. त्या एका प्याल्यासाठीं ड्रॅगन सारा मुलूख जाळीत सुटतो, आणि वृद्ध राजा ब्योवुल्फ त्याला मारतांना स्वतःहि मरतो. शेवटीं लोक तें सर्व सोनें राजाबरोबर पुन्हां मातींत पुरतात. तीनशें वर्षें तें जितकें निरुपयोगी होतें, तितकेंच निरुपयोगी तें पुढेंहि राहतें.

तेराव्या शतकांत आइसलंडमध्यें लिहिल्या गेलेल्या ‘व्होल्सुंग सागा’ या ग्रंथांत हीच गोष्ट अधिक स्पष्ट आहे. तेथील फाफ्नीर हा जन्मानें ड्रॅगन नव्हेच. बापाला मारून त्याचें सोनें बळकावल्यावर तें राखतां राखतां तो ड्रॅगन झाला. लोभ हा माणसाला कोणत्या योनींत नेतो हें सांगण्याची ही जुनी रीत. सिगुर्ड हा वीर खड्ड्यांत दबा धरून त्याला भोंसकतो तेव्हां मरतां मरतां फाफ्नीर त्याला बजावतो, कीं हें सोनें तुझाहि घात करील; आणि पुढें तसेंच घडतें.

या दोन्ही कथा ज्याच्या रक्तांत भिनल्या होत्या असा विद्वान म्हणजे ऑक्सफर्डचा प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन. त्यानें १९३६ सालीं ‘ब्योवुल्फ’वर एक प्रसिद्ध व्याख्यान दिलें, आणि पुढल्याच वर्षीं, १९३७ सालीं, ‘द हॉबिट’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तींतील स्मॉग नांवाचा ड्रॅगन असाच सोन्यावर निजलेला आहे, आणि तेथेंहि एक प्याला चोरीला गेल्यावरच अनर्थ ओढवतो. गायगॅक्सनें १९७९ सालीं सूत्रधारासाठीं जो ग्रंथ लिहिला, त्याला जोडलेल्या प्रेरणाग्रंथांच्या यादींत टोल्किनचें नांव आहे. तेव्हां ब्योवुल्फाच्या थडग्यापासून लेक जिनीव्हाच्या पेटीपर्यंतची वाट सरळच म्हणावयाची.

मात्र पश्चिमेंतहि एक बारीकसा उलटा प्रवाह होता, आणि तो विसरतां कामा नये. फाफ्नीरचें हृदय भाजतांना सिगुर्डचें बोट पोळलें; तें त्यानें तोंडांत घातलें, आणि त्या रक्ताचा स्पर्श जिभेला होतांच त्याला पक्ष्यांची भाषा कळूं लागली. त्या भाषेनेंच त्याचे प्राण वाचले. ग्रीक पुराणांत मेलांपस या ऋषीची कथा याहून सौम्य आहे. त्याच्या सेवकांनीं सापांची एक जोडी मारली, तेव्हां त्यानें त्या सापांना अग्नि दिला आणि त्यांचीं पिल्लें वाढविलीं. पुढें तो निजला असतां त्या पिल्लांनीं त्याचे कान चाटून स्वच्छ केले, आणि तो जागा झाला तो पक्ष्यांची बोली समजतच. एकाला जें मारून मिळालें तेंच दुसऱ्याला पाळून मिळालें. सोनें नव्हे, तर ज्ञान ही सर्पाची खरी देणगी, ही समजूत या दोन्ही कथांच्या मुळाशीं आहे.

आतां पूर्वेकडे वळलें म्हणजे हा बारीक प्रवाह मोठी नदी होतो. पुरलेल्या धनावर भुजंग बसलेला असतो, ही समजूत महाराष्ट्रांतल्या खेड्यापाड्यांत सर्वत्र आहे. तेवढ्यापुरता आपला नाग आणि युरोपचा ड्रॅगन एकाच कुळीचे. परंतु भारतीय कथांतला नाग राखणदार आहे तितकाच दाताहि आहे. महाभारताच्या आदिपर्वांत दुर्योधन भीमाला विष चारून गंगेंत लोटतो. भीम बुडत बुडत नागलोकीं जातो, तेथें नागांच्या दंशानें त्याच्या अंगांतलें विष उतरतें, आणि वासुकीच्या अनुज्ञेनें त्याला बलवर्धक रसाचीं कुंडें प्यावयास मिळतात. तो एकामागून एक आठ कुंडें पितो आणि आठव्या दिवशीं जागा होतो तो सहस्रावधि हत्तींचें बळ घेऊन. येथें विशेष लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही, कीं भीम तेथें लुटण्यास गेला नव्हता. तो घात झालेला, असहाय असा पाहुणा होता.

वनपर्वांतील नलाची कथा तर या विषयाचा मेरुमणीच होय. राज्य गेलेलें, दमयंतीचा त्याग केलेला, असा नल अरण्यांत फिरत असतां वणव्यांत सांपडलेल्या कर्कोटक नागाची हांक ऐकतो. नारदाच्या शापानें त्या नागाला जागचें हलतां येत नसतें. नल त्याला उचलून बाहेर आणतो. नाग म्हणतो, पावलें मोजीत चल. नल मोजूं लागतो, आणि दहावें पाऊल पडतांच नाग त्याला डसतो; कारण संस्कृतांत ‘दश’ म्हणजे दहा आणि ‘दश’ म्हणजे डस असेंहि होतें. नलाचें सुंदर रूप क्षणांत विद्रूप होतें. उपकाराची ही फेड पाहून कोणीहि संतापावा. परंतु कर्कोटक सांगतो, कीं हें विष तुला नव्हे, तुझ्या अंगांत शिरलेल्या कलीला जाळील. या रूपांत तुला कोणी ओळखणार नाहीं. आणि योग्य वेळीं हीं दोन वस्त्रें पांघरलींस म्हणजे तुझें मूळ रूप तुला परत मिळेल. दंश हीच येथें देणगी आहे. ती घेणाऱ्याला आवडेल अशी नाहीं; त्याला जरूर आहे अशी आहे.

भारतांतील नाग चीनमध्यें गेला तो बौद्ध ग्रंथांबरोबर. ‘नाग’ या शब्दासाठीं तेथील भाषांतरकारांनीं ‘लुंग’ हा शब्द योजला. आणि लुंग म्हणजेच ज्याला इंग्रजींत ड्रॅगन म्हणतात तो. चिनी लुंग बुद्धाच्याहि पूर्वींपासून पाऊस व नद्या यांचा स्वामी होता. आतां त्याला नागराजांचे समुद्रतळींचे प्रासाद, त्यांचीं रत्नें आणि त्यांची धर्मश्रद्धाहि लाभली. प्रसिद्ध भाषांतरकार कुमारजीव (३४४–४१३) याच्या नांवावर असलेल्या नागार्जुनाच्या चरित्रांत महानाग नांवाचा बोधिसत्त्व त्या आचार्याला समुद्राखालच्या प्रासादांत नेतो आणि तेथें जपून ठेवलेले महायानाचे गहन ग्रंथ त्याच्या हवालीं करतो, अशी कथा आहे. चिनी पाठांत या दात्याचें नांवच ‘महा-लुंग’ असें होतें. सोन्याच्या जागीं ग्रंथ राखणारा हा ड्रॅगन युरोपच्या कल्पनेंत बसणें कठीण.

परंतु देणगीच्या प्रश्नाचा खरा विचार केला आहे तो तांग राजवटींतल्या एका कथाकारानें. ली छाओवेई याची ‘ल्यू यी’ची कथा आठव्या शतकाच्या अखेरीची किंवा नवव्याच्या आरंभाची आहे. ल्यू यी हा परीक्षेंत नापास होऊन घरीं परतणारा एक विद्यार्थी. वाटेंत त्याला मेंढरें राखणारी एक दुःखी तरुणी भेटते. ती तुंगथिंग सरोवराच्या ड्रॅगनराजाची कन्या. सासरीं तिचा छळ चालला आहे, आणि तीं मेंढरें म्हणजे वस्तुतः पावसाचे सेवक आहेत. ती बापाला पत्र पोंचविण्याची विनंती करते. ल्यू यी सरोवराच्या कांठच्या संत्र्याच्या झाडावर तीनदां ठोकतो, पाण्याखालच्या प्रासादांत जातो आणि पत्र देतो. तें वाचतांच कन्येचा तापट चुलता, छ्येनथांग नदीचा ड्रॅगन, सांखळ्या तोडून आकाशांत झेपावतो आणि थोड्याच वेळांत परत येतो. भाऊ विचारतो, किती मारलेस? सहा लक्ष. पिकांची नासाडी? आठशें मैलांची, चिनी मापानें. आणि तो दुष्ट नवरा कोठें आहे? तो खाल्ला.

मग मेजवानी होते, नजराणे पुढें येतात, आणि मद्याच्या भरांत तोच चुलता ल्यू यीला दरडावतो, कीं या मुलीशीं लग्न कर. नाहीं म्हणशील तर परिणाम बरा होणार नाहीं. या क्षणीं तो दरिद्री विद्यार्थी जें उत्तर देतो त्यामुळेंच ही कथा हजार वर्षें टिकली. तो म्हणतो, मी आलों तो अन्याय दूर व्हावा म्हणून. नवऱ्याला मारवून त्याची बायको आपण करावी यासाठीं नव्हे. आणि तूं आपल्या प्रचंड देहाच्या धाकानें मला नमवूं पाहशील तर माझें लहानसें मन तुझ्यापुढें वांकणार नाहीं. ड्रॅगन शरमतो, क्षमा मागतो, आणि दोघे मित्र होतात. ल्यू यी नजराणे घेऊन घरीं जातो. त्यांतला शंभरावा हिस्साहि न विकतां तो मोठा धनिक होतो. पुढें दोन बायका वारल्यावर तो तिसरें लग्न करतो, आणि मूल झाल्यावर ती पत्नी त्याला सांगते कीं आपणच ती ड्रॅगनकन्या. जें भीतीनें घेण्यास त्यानें नकार दिला, तेंच त्याला प्रेमानें मिळालें. देणगी नाकारण्याचा अधिकार ज्याला आहे त्यालाच ती खऱ्या अर्थानें स्वीकारतां येते, हें या कथेचें सार आहे.

याची उलट बाजू चिनी विनोदबुद्धीनें दाखविली आहे. १५९२ सालीं छापल्या गेलेल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरींत वानरराज सुन वुखुंग पूर्वसमुद्राच्या ड्रॅगनराजाकडे जाऊन शस्त्र मागतो. एकहि शस्त्र त्याला पुरेसें जड वाटत नाहीं. शेवटीं प्राचीन यू राजानें जलाची खोली मोजण्यासाठीं वापरलेला, १३,५०० चिनी शेर वजनाचा लोखंडी खांब त्याला दाखवितात, आणि तो त्याच्या इच्छेप्रमाणें लहानमोठा होतो. एवढ्यानें न भागून वानर चिलखत आणि टोपहि उकळतो. नांवाला देणगी, वस्तुतः खंडणी. आणि म्हणूनच ड्रॅगनराजा पुढें स्वर्गाच्या दरबारीं फिर्याद नेतो.

जपानी कथांनीं देणगीच्या अटींवर भर दिला. फुजिवारा नो हिदेसातो हा ऐतिहासिक योद्धा, इ. स. ९४० मध्यें तायरा नो मासाकादो याचें बंड मोडण्यांत तो होता. त्याच्याविषयींची दंतकथा अशी, कीं बिवा सरोवराच्या कांठीं सेता येथील पुलावर एक अजस्र सर्प आडवा पडला होता; इतर सारे मागें फिरले, पण हिदेसातो निर्भयपणें त्याला ओलांडून गेला. तो सर्प म्हणजे सरोवराचा ड्रॅगन. त्याला असाच धीट माणूस हवा होता, कारण मिकामी डोंगरावरील एक राक्षसी घोण त्याच्या कुळाचा संहार करीत होती. हिदेसातोचे पहिले बाण फुकट गेले. शेवटच्या बाणाला त्यानें थुंकी लावली आणि घोण मेली. ड्रॅगननें त्याला कधीं न संपणारी भाताची गोणी, कधीं न सरणारें रेशमी ठाण आणि एक मोठी घंटा दिली. गोणीवरून त्याला ‘तावारा तोदा’ म्हणजे गोणीवाला सरदार असें नांव पडलें. घंटा मात्र त्यानें मिइदेरा या मठाला अर्पण केली, आणि तीच म्हणून दाखविली जाणारी एक ओरखडे पडलेली जुनी घंटा त्या मठांत आहे. मिळालेल्यांतलें कांहीं पुढें देऊन टाकावें, ही रीत येथें सहज पाळली गेली आहे.

उराशिमा या कोळ्याची कथा अधिक करुण. ‘निहोन शोकी’ या इ. स. ७२० मधील बखरींत ती इ. स. ४७८ या वर्षाच्या नोंदींत येते. त्यानें पकडलेली कासवी सुंदर स्त्री होते आणि त्याला समुद्रापलीकडच्या अमरलोकीं नेते. पुढील काळच्या कथांत हाच लोक ड्रॅगनराजाचा प्रासाद झाला. तीन वर्षांनीं त्याला घराची ओढ लागते. निघतांना ती त्याला एक पेटी देते आणि सांगते, ही उघडूं नकोस. गांवीं येऊन पाहतो तों आईबाप नाहींत, घर नाहीं. तीनशें वर्षें लोटलेलीं. तो पेटी उघडतो, आंतून धूर निघतो, आणि त्याचें तारुण्य त्या धुराबरोबर जातें. पेटींत धन नव्हतें. त्याचा स्वतःचा काळच तिनें जपून ठेवला होता. न उघडणें हाच तिचा उपयोग होता.

या साऱ्या कथा एकत्र ठेवल्या म्हणजे त्यांतील समान सूत्र दिसतें. ड्रॅगनचें देणें बहुधा कसल्या तरी सेवेनंतर येतें: वणव्यांतून उचलणें, पत्र पोंचविणें, शत्रु मारणें. तें घेणाऱ्याच्या हांवेला नव्हे, गरजेला धरून असतें. आणि त्याच्याबरोबर एक बंधन येतें. कधीं तें स्पष्ट बोललेलें, जसें उराशिमाच्या पेटीचें, तर कधीं न बोलतां पाळावयाचें, जसें हिदेसातोच्या घंटेचें. लुटीला असें बंधन नसतें. जो मारून नेतो त्याचा मेलेल्याशीं संबंध संपला. जो हात पुढें करून घेतो त्याचा देणाऱ्याशीं संबंध तेथें सुरू होतो.

आतां पुन्हां त्या खेळाकडे वळलें असतां असें दिसतें, कीं त्याच्या पहिल्या पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे लुटीच्या हिशेबांत देण्याला हळूहळू मिळालेल्या जागेचा इतिहास आहे. १९७४ च्या सहा जातींत एकटा सोनेरी ड्रॅगनच सद्वर्तनी होता. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणींत पितळी, तांब्याचा, कांशाचा आणि रुपेरी असे त्याचे भाईबंद आले. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्यें धातूंचे ड्रॅगन सज्जन आणि रंगांचे दुर्जन अशी वांटणी पक्की झाली. त्या ग्रंथांतला सोनेरी ड्रॅगन माणसाचें रूप घेऊं शकतो, आणि त्याचें चित्रहि युरोपच्या पंखवाल्या पशूचें नसून चिनी लुंगाच्या लांबलचक घाटाचें आहे. पूर्वेचा दाता पश्चिमेच्या गुहेंत शिरला तो असा. १९८१ च्या ‘फीएंड फोलिओ’ ग्रंथांत तर लुंगांच्या कित्येक जाती त्यांच्या चिनी नांवांनिशीं आल्या. त्यांत समुद्राचा स्वामी लुंग वांगहि आहे.

१९८४ सालीं मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची ‘ड्रॅगनलान्स’ ही कथामाला सुरू झाली. तींत फिझबान नांवाचा एक विसराळू म्हातारा मांत्रिक आहे. आपली टोपीहि त्याला धड सांपडत नाहीं. वस्तुतः तो सज्जन ड्रॅगनांचा अधिदेव आहे. बलाढ्य दाता दुबळ्याचें रूप घेऊन माणसाची परीक्षा पाहतो, ही कल्पना आपल्या कथाकीर्तनांना नवी नाहीं. पण त्या खेळाच्या जगांत ती रुजावयास दहा वर्षें लागलीं. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत सोन्यावरून अनुभव मोजण्याचा जुना नियम मागें पडला आणि केवळ ऐच्छिक म्हणून उरला. तिजोरीचें महत्त्व कमी झालें, तसा दात्याला वाव मिळाला.

आणि २०२१ सालीं त्याच फिझबानाच्या नांवानें ‘फिझबान्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्स’ हा ग्रंथ निघाला. त्यांत ड्रॅगनपासून मर्त्य पात्रांना लाभणाऱ्या अलौकिक देणग्यांना नियमांचें रूप दिलें आहे. कोणाची त्वचा खवल्यांसारखी कणखर होते, कोणाचीं इंद्रियें ड्रॅगनप्रमाणें तीक्ष्ण होतात, कोणाला ड्रॅगनची वाणी लाभते. सिगुर्डच्या जिभेवरचा रक्ताचा थेंब आणि मेलांपसच्या कानांतली सर्पजिव्हा ज्याला आठवते, त्याला हीं देणीं ओळखीचीं वाटतील. याच ग्रंथांत आणखी एक रम्य कल्पना आहे. ड्रॅगनच्या साठ्याच्या सान्निध्यांत वस्तु मुरते, जसें बरणींत लोणचें मुरतें. आणि तिचें सामर्थ्य निद्रिस्त, चाळवलेलें, जागृत व परमोत्कर्षास पोंचलेलें अशा चार पायऱ्यांनीं वाढतें. ब्योवुल्फाच्या ड्रॅगनची तीनशें वर्षांची राखण निष्फळ होती. येथें राखणीलाच फळ आलें आहे.

तथापि नियमांच्या पुस्तकांत देणगीचें फळ लिहितां येतें, तिचें ऋण लिहितां येत नाहीं. कणखर त्वचेनें किती घाव चुकतील हें कोष्टकांत बसतें. ती त्वचा देणाऱ्या ड्रॅगननें पुढें कधीं हांक मारली तर काय करावें, हें बसत नाहीं. तें सूत्रधारानें आणि खेळाडूंनीं मेजाभोवतींच ठरवावयाचें. जेथें सूत्रधार देणगीला नुसतें बक्षीस समजतो, तेथें ती मोठ्या आंकड्याची तलवार होऊन राहते आणि दुसरी मिळतांच विसरली जाते. जेथें तो तिच्याबरोबर एक वचन, एक मर्यादा, एक न उघडण्याची पेटी देतो, तेथें खेळणाऱ्याला विचार करावा लागतो: हें घ्यावें कीं नाहीं? घेतलें तर आपण कोणाचे झालों? धाकानें पुढें आलेलें देणें ल्यू यीप्रमाणें नाकारण्याचें धैर्य आपल्यांत आहे काय? कर्कोटकाचा दंश झाला तर त्यांतलें हित ओळखण्याइतका धीर आपण धरूं काय?

हे प्रश्न केवळ खेळांतले नाहींत. शिष्यवृत्ति, आश्रय, वारसा, शिफारस, थोरांची मेहेरबानी, अशा रूपांनीं समर्थाचें देणें दुबळ्याच्या दारीं प्रत्येक काळांत येत आलें आहे. त्यांत कोणती देणगी नलाच्या वस्त्रांसारखी आणि कोणती नुसती दरडावणी, हें ओळखण्याचा सराव माणसानें कोठें करावा? पूर्वीं तो आजीच्या मांडीवर पुराणकथा ऐकतांना होई. आतां कित्येक तरुण तो वीस पैलूंचा फांसा टाकून करतात. साधन बदललें, शिकवण जुनीच आहे. लुटून आणलेल्या धनावर बसणारा हळूहळू स्वतःच ड्रॅगन होतो, हें फाफ्नीरनें शिकविलें. आणि स्वच्छ मनानें घेतलेलें देणें घेणाऱ्यालाहि एक दिवस दाता करतें, हें मिइदेराची ती ओरखडलेली घंटा सांगते. देणें या शब्दाचे दोन अर्थ दोन नाहींतच. जें मिळतें तेंच पुढें द्यावयाचें असतें. मध्यें तें कांहीं काळ आपल्या हातीं असतें इतकेंच.